पाळणा हलण्यापूर्वी मांजराची तयारी

मराठवाड्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते आणि बाळ सव्वा महिन्याचे, कधी तीन महिन्यांचे झाल्यावर सासरी परतते. या काळात सासरच्या घरातल्या मांजरावर काय गुदरते, हे सहसा कुणी पाहत नाही. रोज दूध-पोळी कुस्करून घालणारी बाई एके दिवशी दिसेनाशी होते, कित्येक आठवडे तिचा आवाजही कानी पडत नाही. मग एका दुपारी ती परतते तेव्हा तिच्या अंगाला दुधाचा, वेखंडाचा आणि धुरीचा वास असतो, कुशीत एक अनोळखी जीव रडत असतो आणि घर पाहुण्यांनी भरलेले असते. मांजर कपाटावर जाऊन बसते, धड खात नाही, बाळाच्या गोधडीवर मुतते. त्याला बाळाचा हेवा वाटतो असे घरात ठरते आणि आठवडाभरात पोत्यात घालून त्याला गावाबाहेर सोडले जाते. परभणीच्या आसपास अशी मांजरे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर अन्याय झाला, असे मला मनापासून वाटते.

मांजराच्या या वागण्याचे मूळ हेव्यापेक्षा त्याच्या जातकुळीत शोधावे लागते. आपल्या घरातले मांजर पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या रानमांजराचे वंशज आहे. ते माणसाजवळ राहू लागले त्याला सुमारे 10,000 वर्षे झाली, पण हे रानमांजर एकट्याने शिकार करणारे आणि आपला मुलूख राखणारे होते, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला मांजर गाल घासते, तेव्हा गालांवरच्या ग्रंथींतला स्राव तिथे लागतो आणि ही जागा आपली आहे, इथे भय नाही, अशी खूण त्याच्यापुरती राहते. घर त्याला मुख्यतः या वासांवरून कळते. नवा पाळणा, फिनेलने घासलेली फरशी, हलवलेले कपाट आणि नवे माणूस हे सगळे एकाच दिवशी आले, तर ओळखीच्या खुणा एका फटक्यात पुसल्या जातात आणि मांजर आपल्या मुताच्या वासाने त्या परत उमटवू पाहते.

म्हणून जे बदल व्हायचेच आहेत ते आधीपासून आणि एकेक करून करावेत. माहेरच्या मुक्कामामुळे आपल्याकडे यासाठी दोन-तीन महिने आयते मिळतात, आणि ते वाया जाऊ नयेत. मांजराला खायला घालण्याचे काम सून माहेरी जाण्याच्या महिनाभर आधीच सासूने किंवा नवऱ्याने हाती घ्यावे. बाळंतिणीच्या खोलीत मांजराला मज्जाव करायचा असेल, तर ते दार आत्तापासून बंद ठेवावे, म्हणजे बाळाच्या येण्याशी त्या बंदीचा संबंध जोडला जाणार नाही. झोळी किंवा पाळणा महिनाभर आधी बांधावा आणि त्यात रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या टाकून ठेवाव्यात. एक-दोनदा उडी मारून पाहिल्यावर ही जागा झोपायला सोयीची नाही, हे मांजराला आपोआप कळते.

बाळाच्या आवाजाची सवयही अशीच लावता येते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर मांजराच्या कानाची मजल 85,000 हर्ट्झच्या आसपास जाते, आणि बारीकशी खसफसही त्याला लांबून कळते. रडण्याने ते दचकते यात नवल नाही. मात्र या आवाजाशी त्याचे एक नाते आहे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिले की, खाणे मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरीत एक उंच स्वर मिसळतात आणि त्याची कंपनसंख्या तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळपास असते. माणसाला त्या गुरगुरीकडे काणाडोळा करता येत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. माहेरहून रडण्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर मागवून घ्यावे आणि मांजर खात असताना ते अगदी हळू आवाजात लावावे. कान मागे पडले, शेपटीचे टोक झटके देऊ लागले किंवा खाणे थांबले, तर आवाज आणखी कमी करावा. काही दिवसांनी तो थोडा थोडा वाढवत न्यावा. घाई केली तर उलटा परिणाम होतो, कारण भीती आणि तो आवाज यांचीच गाठ पक्की बसते.

वासासाठी आमच्या घरी केलेला उपाय फार साधा होता. बाळाचे दोन दिवस वापरलेले, न धुतलेले टोपडे बाबाने पिशवीत घालून आणले आणि मांजराच्या ताटलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवले. मांजर आधी मान लांबवून थांबले. मग नाक टेकवले आणि वरचा ओठ किंचित उचलून, तोंड अर्धे उघडे ठेवून क्षणभर स्तब्ध उभे राहिले. पाहणाऱ्याला ती घृणा वाटते, पण टाळूच्या वर असलेल्या एका खास गंधेंद्रियाकडे वास पोहोचवण्याची ती रीत आहे. तिसऱ्या दिवशी ते त्या टोपड्यावर गाल घासत होते. बाळ घरी आले तेव्हा त्याचा वास घरात आधीच मुरलेला होता.

गर्भवतीला मांजरापासून दूर ठेवा, हा सल्ला बहुतेक घरांत मिळतो आणि त्यामागचे कारण खरे आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी 1908 मध्ये सापडला, पण त्याच्या जीवनचक्रात मांजराचे स्थान 1970 च्या सुमारास स्पष्ट झाले. ते उलगडणाऱ्या संशोधकांत भारतात जन्मलेले जितेंदर दुबे होते. गरोदरपणात या परजीवीची लागण पहिल्यांदाच झाली, तर गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. पण मांजराला कुरवाळल्याने ही लागण सहसा होत नाही. लागण झालेले मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून परजीवीची सूक्ष्म अंडी टाकते आणि ती अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. घरात मातीचे खोके असेल, तर ते दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ करावे, म्हणजे धोका जवळपास संपतो.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच असते. आपली मांजरे खोक्यात जात नाहीत. ती अंगणातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात, तुळशीजवळच्या भुसभुशीत मातीत आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात उकरतात. ओलसर, सावलीच्या मातीत ही अंडी वर्षभरही टिकू शकतात. तेव्हा गर्भवतीने त्या वाफ्यात उघड्या हातांनी खुरपू नये, कोथिंबीर वाहत्या पाण्यात नीट धुवावी आणि मटण पूर्ण शिजवूनच खावे. निखाऱ्यावर अर्धवट भाजलेली कलेजी मांजराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक जोखमीची आहे. ही बाब मांजराला हाकलून देणाऱ्या घरांतही विसरली जाते.

मांजर बाळाचा श्वास ओढून घेते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही, पण मांजराला उबेची ओढ मोठी असते. जवळपास 30 अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या शरीराला ऊब राखण्यासाठी जास्तीची शक्ती खर्चावी लागते, म्हणून शेकासाठी बाजेखाली शेगडी ठेवली की ते तिथे येणारच आणि मऊ गोधडीत झोपलेल्या बाळाला खेटून बसणारच. तान्ह्या बाळाला तोंडावरचे ओझे दूर सारता येत नाही. त्यामुळे झोपलेले बाळ आणि मांजर यांना एका खोलीत एकटे सोडू नये. यात सवलत घेऊ नये.

रेबीजची लस, जंताचे औषध आणि पिसवांवरचा उपचार बाळ येण्याआधी उरकावा. नसबंदीही आधीच करून घ्यावी. ओरखडा किंवा चावा बसला, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळाच्या तापाचे पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नये. ते पचवण्याची सोय त्याच्या यकृतात नाही आणि थोड्या मात्रेनेही ते मरते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही असे दिसले, तर त्याला खोड समजू नये. ताणाने लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्यावे.

बाळाला घेऊन आई परतते त्या दिवशी तिने आधी रिकाम्या हातांनी आत यावे, मांजराशी दोन शब्द बोलावे, आणि बाळाला त्यानंतर आणावे. बारशाच्या गर्दीत मांजराला पाणी, खाणे आणि मातीचे खोके ठेवून मागच्या खोलीत शांत बसू द्यावे. त्याला उचलून बाळासमोर धरू नये. सातव्या-आठव्या महिन्यात बाळ रांगू लागते, तेव्हा मुठीत शेपटी धरली जाते आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्या वेळेपर्यंत माळ्यावर किंवा कोनाड्यात, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, मांजराची एक गोणपाटाची जागा तयार असावी आणि तिथून त्याला कुणी खाली ओढू नये.