फोन हॅकिंगच्या आधीची आणि नंतरची गोष्ट

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे १६८ वर्षांचं रविवारचं ब्रिटिश वृत्तपत्र २०११ च्या जुलैत सहा दिवसांत मिटलं. २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या, नंतर खून झाल्याचं उघड झालेल्या १३ वर्षांच्या मुलीच्या मोबाइलवरचे निरोप या वृत्तपत्रासाठी चोरून ऐकले गेले होते, अशी बातमी ४ जुलैला 'गार्डियन'ने दिली. १० जुलैला शेवटचा अंक निघाला.

ही चोरी फार सोपी होती. स्वतःच्या फोनवरचे निरोप दुसऱ्या फोनवरून ऐकायची सोय तेव्हा असे. त्यासाठी पिन लागे आणि कंपनीने दिलेला पिन बहुतेक लोक बदलतच नसत. एकाने फोन लावून लाइन गुंतवून ठेवायची, त्याच वेळी दुसऱ्याने फोन करून व्हॉइसमेल गाठायचा आणि पिन दाबायचा. घरच्यांनी काळजीपोटी ठेवलेला निरोप बातमीसाठी टपलेला कुणीतरी परका ऐकत असे.

हे २०११ मध्ये पहिल्यांदा कळलं असंही नाही. राजघराण्याच्या कर्मचाऱ्यांचे निरोप ऐकल्याबद्दल याच वृत्तपत्राचा एक बातमीदार आणि एक खासगी गुप्तहेर जानेवारी २००७ मध्ये तुरुंगात गेले होते. गुप्तहेराच्या टिपणांची ११,००० पानं पोलिसांच्या ताब्यात होती. हा एकट्या बातमीदाराचा उद्योग, असं कंपनीने सांगितलं आणि पोलिसांनी, वृत्तपत्रांच्याच तक्रार मंडळाने, सरकारनेही ते मान्य केलं. चार वर्षं यांच्यापैकी कुणी हाललं नाही. का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

वृत्तपत्रांचे मालक पंतप्रधान ठरवू पाहतात, हा राग ब्रिटनमध्ये जुना आहे. मार्च १९३१ मध्ये एका पोटनिवडणुकीच्या सभेत हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ली बाल्डविन यांनी लॉर्ड रॉदरमिअर आणि लॉर्ड बीव्हरब्रुक या दोन मालकांवर तोफ डागली: यांना सत्ता हवी, जबाबदारी नको. बाल्डविन यांचा उमेदवार जिंकला. एवढं उघडपणे बोलायची हिंमत नंतरच्या नेत्यांमध्ये क्वचितच दिसली.

१९४९ मध्ये शाही आयोगाने वृत्तपत्रांसाठी परिषद सुचवली. ती १९५३ मध्ये उभी राहिली, तीही कायदा येईल या धाकाने. तिच्या हाती ताशेरे ओढण्यापलीकडे काही नव्हतं. टॅब्लॉइडांची, म्हणजे सनसनाटी बातम्यांवर चालणाऱ्या वृत्तपत्रांची, खासगी आयुष्यातली घुसखोरी ऐंशीच्या दशकात असह्य झाली, तेव्हा डेव्हिड कॅल्कट यांच्या समितीने १९९० मध्ये वृत्तपत्रांना स्वतःला सुधारून दाखवायला १८ महिने दिले. त्यातून १९९१ मध्ये नवं तक्रार मंडळ आलं. मंडळ निष्प्रभ आहे, आता कायद्याने न्यायाधिकरण नेमा, असं कॅल्कट यांनीच १९९३ मध्ये बजावलं. जॉन मेजर यांच्या सरकारने ते केलं नाही. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीतला त्यांचा विजय आपणच मिळवून दिला, अशी फुशारकी 'द सन' या टॅब्लॉइडने पहिल्या पानावर मारली होती. ते सगळ्याच पक्षांच्या नेत्यांच्या मनात घर करून बसलं.

मला या इतिहासात आयोगांपेक्षा भेटीगाठी आणि जेवणं महत्त्वाची वाटतात. रूपर्ट मरडॉक यांनी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' आणि 'द सन' १९६९ मध्ये घेतले. ४ जानेवारी १९८१ रोजी ते पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडे चेकर्स या पंतप्रधानांच्या गावाकडच्या निवासस्थानी गुपचूप जेवायला गेले. 'टाइम्स' विकत घ्यायची त्यांची बोलणी तेव्हा चालू होती. त्या भेटीचं टिपण लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं. १९९५ मध्ये विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर मरडॉक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात भाषण करायला थेट ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर गेले. युरोपविषयीचं धोरण बदला, नाहीतर माझी वृत्तपत्रं पाठिंबा देणार नाहीत, असं मरडॉक यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये जेवताना सुचवलं, अशी साक्ष मेजर यांनी पुढे दिली. आपण कुठल्याही पंतप्रधानाकडे कधी काही मागितलं नाही, असं मरडॉक शपथेवर सांगून गेले होते. त्या जेवणानंतर महिना-दीड महिन्यात 'द सन' ब्लेअर यांच्या बाजूने उभा राहिला.

या पार्श्वभूमीवर अँडी कोल्सन यांचा प्रवास पाहावा. २००७ मध्ये बातमीदाराला शिक्षा झाली तेव्हा ते 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चे संपादक होते. त्यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत तेव्हाचे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांचे संपर्कप्रमुख झाले. २०१० मध्ये कॅमेरून पंतप्रधान झाले आणि तेही डाउनिंग स्ट्रीटवर, पंतप्रधानांच्या कार्यालयात पोचले. २०१४ मध्ये फोन हॅकिंगच्या कटाबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

जुलै २०११ मध्ये कॅमेरून यांनी कबूल केलं, की वृत्तपत्रांचा पाठिंबा मिळवण्याच्या नादात सगळ्याच पक्षांच्या नेत्यांनी कानाडोळा केला. लॉर्ड जस्टिस लेव्हसन यांची चौकशी त्यातून सुरू झाली. तिच्यापुढे मेजर, ब्लेअर, ब्राउन आणि कॅमेरून असे चार आजी-माजी पंतप्रधान साक्षीला बसले. २९ नोव्हेंबर २०१२ च्या सुमारे २,००० पानी अहवालाने स्वतंत्र नियामक सुचवला आणि तो खरोखर स्वतंत्र आहे की नाही हे तपासायला कायद्याचा आधार मागितला. कायद्याचा हा आधार कॅमेरून यांनी त्याच दिवशी नाकारला. शेवटी संसदेच्या कायद्याऐवजी शाही सनदेचा मधला मार्ग निघाला, पण बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी २०१४ मध्ये सनदेबाहेरचं स्वतःचं मंडळ काढलं. 'गार्डियन' आणि 'फायनान्शियल टाइम्स' त्यातही गेले नाहीत.

सरकारच्या हातात वृत्तपत्रांचा लगाम नको, हा युक्तिवाद मलाही पटतो. हे प्रकरण एका वृत्तपत्रानेच खणून काढलं, हे विसरून चालणार नाही. पण बळी पडलेल्यांना दिलेला शब्द असा एकेक करून मागे घ्यायला तो युक्तिवाद पुरत नाही. पोलीस आणि वृत्तपत्रांच्या संबंधांचा तपास चौकशीच्या दुसऱ्या भागात व्हायचा होता. मार्च २०१८ मध्ये सरकारने तो भागच रद्द केला. सनदेखाली मान्यता मिळालेल्या नियामकाबाहेर राहणाऱ्या वृत्तपत्रांवर कोर्टखर्चाचा बोजा टाकणारं २०१३ चं कलम कधी लागूच झालं नाही आणि २०२४ मध्ये काढून टाकलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये मरडॉक यांच्या ब्रिटिश वृत्तपत्र कंपनीने प्रिन्स हॅरी यांची माफी मागितली. 'द सन'साठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेरांनी १९९६ ते २०११ या काळात बेकायदा कृत्यं केल्याची कबुली त्यात होती. तडजोड झाल्यामुळे खटला उभा राहिला नाही. वरिष्ठांनी पुरावे दडवल्याचा आरोप कंपनी नाकारत आली आहे. त्या खटल्यात या आरोपावर उलटतपासणी व्हायची होती, ती राहूनच गेली.