नर्सिंग होम नोंदणीचं नूतनीकरण: फाइल ‘फॉर्म बी’वर का अडकते?

महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. डॉक्टरांची आणि परिचारिकांची कौन्सिल नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, जागेचे कागद, हे सगळं सहसा तयार असतं. त्रुटी निघते ती अग्निसुरक्षेच्या कागदावर.

‘अहो, इमारतीची फायर एनओसी जोडलीय की!’ जोडली असेल. पण ती इमारत उभी राहतानाची. 2006च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा आजही चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावं लागतं. हाच फॉर्म बी. मार्चमध्ये घेतला म्हणजे सप्टेंबरपर्यंत निश्चिंत, असा हिशेब इथे नाही; महिने कायद्यानेच ठरवलेत. ‘जागा भाड्याची आहे’ हेही कारण चालत नाही, कारण जबाबदारी मालकाची तशीच भोगवटादाराची, म्हणजे जागा वापरणाऱ्याचीही. आग विझवायचे सिलिंडर रिफिल केल्याची पावती जोडणारे तर कितीतरी. ती पावती आहे, फॉर्म बी नव्हे.

खरी पंचाईत रहिवासी इमारतीतल्या छोट्या रुग्णालयांची. हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, पंप सोसायटीचा, आणि तो बंद. त्याचा पाइप ठेवायची पेटी (होज बॉक्स) उघडावी तर आत पाइपच नाही. अशा वेळी न बघता सही देणारी एजन्सी भेटते, पण त्या वाटेला जाऊ नका. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, पंप दुरुस्त करून घ्या आणि मगच तपासणीला बोलवा. एजन्सीच्या परवान्याची मुदतही बघून घ्या. अग्निशमन आणि आरोग्य ही एकाच पालिकेची खाती. एकानं दुसऱ्याला विचारलं तर अर्जदाराचे हेलपाटे वाचतील, पण ते कोण करणार?

9 जानेवारी 2021ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीत 10 बालकं गेली. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगरमध्ये अतिदक्षता विभाग पेटले. म्हणून या कागदाची कटकट मला तरी फुकटची वाटत नाही.

आणखी एक. कोविडमध्ये वाढवलेल्या खाटा अनेकांनी तशाच ठेवल्यात. अर्जात वीस, कचऱ्याच्या प्राधिकारपत्रात पंधरा, असं असेल तर फाइल परत येणारच. आकडा आधी जुळवा, मग अर्ज द्या, आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.