इटालियन क्रियापदांची रूपावली

इटालियन भाषेत धातू चालवणे म्हणजे क्रियापदाच्या अंगाला प्रत्यय लावून पुरुष, वचन, काळ आणि अर्थ दाखवणारी रूपे सिद्ध करणे होय. पारंपरिक व्याकरण क्रियापदाचे सात अर्थ मानते. त्यांपैकी स्वार्थ, कोन्जुन्तीवो (मत, इच्छा वा शंका दाखवणाऱ्या वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्यात येणारा), संकेतार्थ आणि आज्ञार्थ हे चार पुरुषानुसार चालतात. मूळ रूप, धातुसाधित विशेषण आणि जेरुन्दिओ (‘बोलत’, ‘बोलताना’ यांसारखे रूप) हे उरलेले तीन चालत नाहीत. स्वार्थाचे 8, कोन्जुन्तीवोचे 4 आणि संकेतार्थाचे 2 असे 14 काळ होतात. प्रत्येक काळाची 6 रूपे धरली, तर आज्ञार्थ वगळूनही एका क्रियापदाची 84 रूपे भरतात. हा आकडा नवशिक्याला घाबरवतो खरा. परंतु 14 पैकी निम्मे काळ संयुक्त आहेत. प्रत्येक साध्या काळाला जोडीचा एक संयुक्त काळ असतो आणि सहायक क्रियापदाचा तोच साधा काळ घेऊन त्यापुढे मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित ठेवले की तो सिद्ध होतो. खरी मेहनत उरते ती सात साध्या काळांची, आणि तिथेही अनियमित म्हणून जे पाठ करवले जाते त्याचा मोठा भाग शब्दातला आघात (उच्चारातला जोर) कुठे पडतो या एकाच गोष्टीवरून उलगडतो.

लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते. इटालियनमध्ये दुसरा आणि तिसरा गण एकत्र होऊन तीन उरले: पार्लारे (बोलणे) यासारखी ‘आरे’ने संपणारी क्रियापदे पहिल्या गणात, वेदेरे (पाहणे) यासारखी ‘एरे’ने संपणारी दुसऱ्यात आणि दोर्मिरे (झोपणे) यासारखी ‘इरे’ने संपणारी तिसऱ्यात मोडतात. जुन्या चार गणांची खूण मात्र उच्चारात टिकून आहे. वेदेरेमध्ये आघात प्रत्ययावर येतो, तर लेज्जेरे (वाचणे) आणि प्रेन्देरे (घेणे) यांत तो अंगावर येतो, जरी लिहिताना तिन्ही एकाच साच्याची दिसतात. पहिला गण सर्वांत मोठा आणि सर्वांत नियमित आहे. भाषेत नव्याने येणारी क्रियापदे जवळजवळ नेहमी त्यातच जातात आणि संगणकावरच्या क्लिकपासून बनलेले क्लिक्कारे हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

पार्लारेचा वर्तमानकाळ पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो असा चालतो. प्रत्ययावरूनच पुरुष आणि वचन कळत असल्यामुळे कर्त्याचे सर्वनाम सहसा वगळले जाते. या सहा रूपांपैकी तिन्ही एकवचने आणि तृतीयपुरुषी अनेकवचन या चार रूपांत आघात अंगावर असतो, तर प्रथम आणि द्वितीय पुरुषाच्या अनेकवचनात तो प्रत्ययावर जातो. शिकणारे बहुधा पार्लियामोच्या चालीवर पार्लानोमधील मधले अक्षर ठासून म्हणतात, तिथेच परकेपणा उघडा पडतो. तेलेफोनारे (फोन करणे) या क्रियापदाच्या तेलेफोनानो या रूपात तर आघात शेवटून चौथ्या अक्षरावर असतो, आणि इतक्या मागे आघात जाणे इटालियनमध्ये विरळाच.

चार विरुद्ध दोन ही विभागणी ध्यानात आली की पुष्कळ अनियमितता उलगडतात. मोरीरे (मरणे) या क्रियापदाचे आघातयुक्त अंग ‘मुओ’ होते आणि आघातहीन ‘मो’ राहते, म्हणून मुओयो पण मोरियामो. त्याच न्यायाने सेदेरे (बसणे) या क्रियापदाची रूपे सिएदो आणि सेदियामो अशी होतात. दोवेरे (करावे लागणे) देवो आणि दोब्बियामो असे चालते, उशीरे (बाहेर पडणे) एस्को आणि उश्शामो असे. आन्दारे (जाणे) या क्रियापदात तर दोन वेगळ्या धातूंनी कामाची वाटणी केली आहे: अंगावर आघात असलेली वादो, वाई, वा, वान्नो ही रूपे लॅटिनच्या ‘वादेरे’पासून आलेली आहेत, आणि आन्दियामो, आन्दाते या उरलेल्या दोन जागा दुसऱ्या धातूने भरल्या आहेत. कोन्जुन्तीवोच्या वर्तमानातही हीच वाटणी पाळली जाते.

तिसऱ्या गणातील बहुसंख्य क्रियापदांनी या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला. फिनिरे (संपवणे), कापिरे (समजणे), प्रेफेरिरे (अधिक पसंत करणे) यांच्या अंगाला त्याच चार रूपांत ‘इस्क’ असा आगम होतो आणि फिनीस्को, फिनीशी, फिनीशे, फिनियामो, फिनीते, फिनीस्कोनो अशी रूपे मिळतात. हा आगम लॅटिनमध्ये क्रियेचा आरंभ दाखवणाऱ्या प्रत्ययातून आला. इटालियनमध्ये तो अर्थ पुरता गळाला आणि उरला तो केवळ आघात उचलून धरण्यापुरता, कारण त्याच्यामुळे सहाही रूपांत अंग आघातमुक्त आणि म्हणून एकसारखे राहते. दोर्मिरे, पार्तिरे (निघणे), सेन्तिरे (ऐकणे, जाणवणे) अशा मोजक्या क्रियापदांना हा आगम होत नाही, आणि कोणत्या क्रियापदाला होतो हे मूळ रूपावरून ओळखता येत नसल्याने शब्दकोश पाहावाच लागतो.

लेखनाच्या बाबतीत पहिला आणि दुसरा गण परस्परविरुद्ध वागतात. पहिल्या गणात अंगाचा ध्वनी जपला जातो: चेर्कारे (शोधणे) चेर्को, चेर्की असे चालते आणि ‘क’चा उच्चार टिकावा म्हणून रोमन लिपीत मध्ये एक मूक अक्षर घालावे लागते. दुसऱ्या गणात अक्षर तेच राहते आणि ध्वनी बदलतो, म्हणून लेग्गो (मी वाचतो) नंतर लेज्जी (तू वाचतोस) येते.

भूतकाळाच्या साध्या रूपांपैकी इम्पेर्फेत्तो हा काळ चालू असलेली किंवा नेहमी घडणारी क्रिया सांगतो आणि मराठीतील रीतिभूतकाळाच्या व अपूर्ण भूतकाळाच्या जागा एकटाच भरतो. तो जवळजवळ पूर्ण नियमित आहे. फारे (करणे) या क्रियापदाचे फाचेवो आणि दिरे (सांगणे) याचे दिचेवो ही रूपे विचित्र वाटतात ती केवळ मूळ रूपे आखडल्यामुळे. लॅटिनमधली लांब अंगे या काळात शाबूत आहेत. प्रथम पुरुषाच्या एकवचनात पूर्वी ‘पार्लावा’ असेच म्हणत व लिहीत आणि ते तृतीय पुरुषाशी तंतोतंत जुळत असे. भाषापंडित पिएत्रो बेम्बो यांनी 1525 मध्ये 14व्या शतकातील फ्लोरेन्सच्या लेखनाला आदर्श ठरवल्यामुळे साहित्यात ‘आ’कारान्त रूप दीर्घकाळ टिकले. अलेस्सान्द्रो मान्त्सोनी यांनी आपली 1827 ची कादंबरी तत्कालीन फ्लोरेन्सच्या बोलीनुसार सुधारून 1840 ते 1842 या काळात पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ‘ओ’कारान्त रूप स्वीकारले, आणि आज तेच प्रमाण आहे.

पास्सातो रेमोतो हा दूरचा भूतकाळ शिकणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. प्रेन्देरेची या काळातील रूपे प्रेसी, प्रेन्देस्ती, प्रेसे, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते, प्रेसेरो अशी आहेत. पहिले, तिसरे आणि सहावे रूप अंगावर आघात असलेले आणि म्हणून बदललेले, बाकीची तीन प्रत्ययावर आघात असलेली आणि नियमित, असा त्याचा ठरीव साचा आहे. म्हणजे अशा क्रियापदाचे पहिले रूप माहीत असले की बाकीची पाच सांगता येतात. वापराचा प्रश्न भूगोलाशी जोडलेला आहे: उत्तर इटलीच्या बोलण्यात हा काळ जवळपास लोपला असून तिथे कालची आणि शंभर वर्षांपूर्वीची घटना संयुक्त भूतकाळातच सांगतात, सिसिलीत आजच सकाळी घडलेल्या गोष्टीलाही पास्सातो रेमोतो चालतो, तोस्कानात दोन्हींतला भेद बऱ्याच अंशी पाळला जातो. कथाकादंबऱ्यांच्या निवेदनात मात्र तो सर्वत्र जिवंत आहे.

भविष्यकाळ आणि संकेतार्थ हे लॅटिनचे वारस नव्हेत. ते नव्याने घडले. मूळ रूपाला ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ चिकटून कान्तेरो (मी गाईन) झाले, आणि त्याच क्रियापदाचा भूतकाळ चिकटून कान्तेरेब्बे (तो गाईल, अमुक घडले तर) झाले. यातले ‘एब्बे’ आजही आवेरे (जवळ असणे, बाळगणे) या क्रियापदाचे स्वतंत्र भूतकाळी रूप म्हणून वापरात आहे. आघात नेहमी प्रत्ययावर असल्याने मधला स्वर दुबळा झाला: फ्लोरेन्समध्ये ‘कान्तारो’चे कान्तेरो झाले, सिएनामध्ये जुना ‘आ’ टिकला, आणि आन्द्रो, वेद्रो अशा रूपांत तर तो स्वर गळूनच पडला. भविष्यकाळाने अंदाजही सांगतात, अगदी मराठीत ‘तीन वाजले असतील’ म्हणावे तसा. संकेतार्थाचा एक वापर वृत्तपत्रांत रोज दिसतो: बातमीची जबाबदारी आपल्यावर घ्यायची नसली की मंत्री आजारी आहेत असे न लिहिता संकेतार्थ योजतात आणि मराठीतील ‘म्हणे’चे काम तो करतो. ‘तो येणार असे त्याने सांगितले’ अशा वाक्यात फ्रेंच आणि स्पॅनिश भाषा साधा संकेतार्थ वापरतात. आधुनिक इटालियनला तिथे संयुक्त संकेतार्थच लागतो.

संयुक्त काळांत आवेरे किंवा एस्सेरे (असणे) यांपैकी एक सहायक येते. सकर्मक क्रियापदे आवेरे घेतात. आत्मवाचक क्रियापदे आणि गती वा स्थित्यंतर दाखवणारी बरीच अकर्मक क्रियापदे एस्सेरे घेतात. एस्सेरे असेल तर धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: पुरुषासाठी आन्दातो, स्त्रीसाठी आन्दाता. ‘गेला’ आणि ‘गेली’ म्हणणाऱ्या मराठी भाषकाला हे शिकवावे लागत नाही. आवेरेबरोबर धातुसाधित सहसा स्थिर राहते. पण कर्म तृतीयपुरुषी सर्वनामाच्या रूपाने आधी आले, तर ते कर्माशी जुळते, ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद पोळीशी जुळते त्याप्रमाणे.

कोन्जुन्तीवोला मराठी व्याकरणात नेमका जोड नाही. मत, इच्छा, भीती किंवा शंका व्यक्त करणाऱ्या मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या गौण वाक्यात तो येतो, आणि त्याचे चार काळ मुख्य क्रियापदाच्या काळानुसार निवडावे लागतात. अटीच्या वाक्यात अट कोन्जुन्तीवोच्या भूतकाळात आणि परिणाम संकेतार्थात ठेवतात: ‘से आवेस्सी तेम्पो, वेर्रेई’ (वेळ असता तर आलो असतो). अटीच्या भागातही संकेतार्थ घालणे ही शाळेत लाल शाईने खोडली जाणारी चूक आहे. याउलट, दोन्हीकडे इम्पेर्फेत्तो वापरून ‘से लो सापेवो, वेनीवो’ (ठाऊक असते तर आलो असतो) असे म्हणणे घरगुती बोलण्यात खपून जाते, औपचारिक लेखनात नाही.

आज्ञार्थाची स्वतःची रूपे थोडी आहेत. नकारार्थी आज्ञा ‘तू’साठी मूळ रूपानेच होते, म्हणून ‘नोन पार्लारे’ म्हणजे बोलू नकोस. आदरार्थी ‘लेई’ हे सर्वनाम व्याकरणाने तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचन असल्याने त्याची आज्ञा कोन्जुन्तीवोकडून उसनी घेतली जाते. तिथे पहिला गण ‘ई’ घेतो आणि उरलेले दोन ‘आ’ घेतात: पार्ली (बोला), पण सेन्ता (ऐका). आन्दारे मूळ रूपाने पहिल्या गणातले असले तरी त्याचे आदरार्थी रूप ‘वादा’ (जा) असे होते; गणाच्या हिशेबाने ‘वादी’ म्हणणारा माणूस अशिक्षित ठरतो आणि विनोदी नाटकसिनेमांत हमखास हसे मिळवतो, वास्तविक पहिल्या गणाचा नियम त्याने तंतोतंत पाळलेला असतो.