0.401 मोठे की 0.301?

1930 साली बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या बिल टेरीची फलंदाजीची सरासरी होती 0.401. म्हणजे साधारण दर हजार संधींमागे 401 वेळा चेंडू मारून तो सुखरूप बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायच्या चार टप्प्यांपैकी एकावर, पोचला. 1968 साली बोस्टन रेड सॉक्सचा कार्ल यास्त्रेम्स्की अमेरिकन लीगमध्ये पहिला आला तो 0.301 सरासरीवर. (नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग मिळून तिथली सर्वोच्च स्पर्धा, म्हणजे मेजर लीग.) कागदावर टेरी कितीतरी पुढे दिसतो. पण टेरीच्या नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरीच 0.303 होती, आणि 1968च्या अमेरिकन लीगमध्ये अवघी 0.230. भागाकार केला तर टेरी आपल्या लीगच्या 1.32 पट येतो आणि यास्त्रेम्स्की 1.31 पट. दोघं जवळजवळ बरोबरीत! टेरीच्या वर्षीचा सर्वसाधारण फलंदाजसुद्धा यास्त्रेम्स्कीच्या विजेत्या आकड्याच्या पुढे होता.

बेसबॉलमधला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या वादात शिरताना ही जोडी आधी लक्षात ठेवावी. सुटा आकडा खेळाडूबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच त्याच्या काळाबद्दलही सांगत असतो.

1968 साली फलंदाज एवढे हतबल का झाले होते? पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो तो तेव्हा 15 इंच उंच होता. उंचावरून खाली येणारा वेगवान चेंडू मारणं अवघड. त्या मोसमात सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने दर नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी केवळ 1.12 अर्जित धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून) दिल्या. पुढच्याच वर्षी नियम बदलून उंचवटा 10 इंचांवर आणला गेला. 2000 साली पेद्रो मार्टिनेझचा हाच आकडा 1.74 होता, पण त्याच्या लीगमध्ये तेव्हा धावांचा पूर आला होता आणि सर्वसाधारण पिचर 4.91 धावा देत होता. गिब्सनच्या लीगचा आकडा 2.99. गुणोत्तर काढलं तर पेद्रोचा मोसम गिब्सनच्या मोसमापेक्षा किंचित सरस ठरतो. मला हा निकाल मनापासून पटतो, कारण पेद्रो समोरच्या फलंदाजांशीच नव्हे, तर सगळ्या दशकाशी झुंजत होता.

हा हिशेब सुरू केला तो एका क्रिकेटवेड्या माणसाने. हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मले, अमेरिकेत क्रिकेटचे वार्ताहर झाले आणि तिथे बेसबॉलच्या प्रेमात पडले. सामन्याची आकडेवारी मांडण्याची सवय त्यांनी क्रिकेटमधूनच आणली. पण त्यांच्या विचारातली एक खोट शंभर वर्षं टिकली. पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस मिळतो, याला वॉक म्हणतात. चॅडविक यांच्या मते यात फलंदाजाचं कर्तृत्व काही नाही, चूक पिचरची. त्यामुळे सरासरीत वॉकला जागाच नाही. खरं तर वाईट चेंडू सोडून देणं हे मोठं कौशल्य आहे. आपल्याकडे ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या सलामीवीराचं कौतुक होतंच की! टेड विल्यम्स या कौशल्याचा राजा. वॉक धरून कारकिर्दीत तो 48 टक्क्यांहून जास्त वेळा बेसवर पोचला, आणि तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

1970च्या दशकात कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता बिल जेम्स यांनी असे प्रश्न नव्याने विचारायला सुरुवात केली. त्यातून जे शास्त्र उभं राहिलं त्याला सेबरमेट्रिक्स म्हणतात, आणि आजचं त्याचं सर्वात गाजलेलं माप आहे ‘वॉर’ (WAR), म्हणजे ‘विन्स अबव्ह रिप्लेसमेंट’, बदली खेळाडूपेक्षा जास्त मिळवून दिलेले विजय. त्याची कल्पना साधी आहे. खेळाडू जखमी झाला तर संघ त्याच्या जागी कोणाला आणेल? स्वस्तात मिळणाऱ्या, राखीव फळीतल्या कोणाला तरी. अशाच खेळाडूंचा अख्खा संघ उभा केला तर तो 162 पैकी साधारण 48 सामने जिंकेल, असं धरलं जातं. त्या पायरीपेक्षा एखाद्याने फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण मिळून किती धावांचा फायदा करून दिला ते मोजायचं आणि सुमारे दहा धावांना एक विजय असं रूपांतर करायचं. मैदानाचाही हिशेब धरायचा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथला होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा, कुंपणापार मारलेला फटका) आणि सिएटलचा होमरन एका भावाने मोजता येत नाही.

बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळाच्या हिशेबात बेब रूथचा वॉर 180च्या वर जातो. बॅरी बॉन्ड्स 160च्या पुढे, विली मेज 156. बॉन्ड्सच्या नावावर 762 होमरनचा विक्रम आहे, पण उत्तेजकांच्या प्रकरणामुळे 2022 साली, शेवटच्या संधीतही, पत्रकारांच्या मतदानात त्याला हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वोच्च सन्मानाचं, दार उघडलं नाही.

मग रूथच पहिला? 1920 साली त्याने 54 होमरन मारले. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉर्ज सिस्लरचे होते 19. अमेरिकन लीगमधल्या इतर कोणत्याही अख्ख्या संघाला 54 मारता आले नाहीत. त्याआधी पिचर म्हणूनही तो अव्वल होता, एकूण 94 सामने त्याने पिचर म्हणून जिंकले. समकालीनांपासूनचं अंतर हाच निकष असेल तर इथेच थांबावं लागेल.

पण हे अंतर कशामुळे पडतं? जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर दिलं. 1941 साली विल्यम्सने 0.406 सरासरी काढली, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये आजपर्यंत कोणीही 0.400 गाठलेलं नाही. लोक म्हणत, पूर्वीसारखे फलंदाज राहिले नाहीत. गूल्ड यांनी दाखवलं की लीगची सरासरी दशकानुदशकं 0.260च्या आसपास राहिली; आक्रसला तो खेळाडूंमधला फरक, म्हणजे प्रमाण विचलन. गावच्या जत्रेतल्या फडात एकच पैलवान सगळ्यांना आस्मान दाखवतो. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात तोच पैलवान गुणांवर जेमतेम जिंकतो. तो दुबळा झालेला नसतो, समोरचे तगडे झालेले असतात. म्हणून 1994 सालची टोनी ग्विनची 0.394 सरासरी मला जुन्या कित्येक 0.400 पेक्षा मोठी वाटते.

रूथच्या काळी आखाडा लहान होता, आणि तो मुद्दाम लहान ठेवला होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये प्रवेश नव्हता. ते निग्रो लीगमध्ये खेळत, आणि तिथे जॉश गिब्सन हा यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर चेंडू आकाशात भिरकावत होता. मे 2024 मध्ये मेजर लीगने 1920 ते 1948 मधली निग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत सामावून घेतली. गिब्सनची 0.372 सरासरी टाय कॉबच्या 0.367च्या वर गेली.

गणित इथे सावध करतं. कॉबच्या संधी 11 हजारांहून जास्त, गिब्सनच्या नोंदलेल्या संधी दोन हजारांहून थोड्याच जास्त. एवढ्या संधींत निव्वळ नशिबाने सरासरी सुमारे 0.010 इकडेतिकडे होऊ शकते, आणि दोघांमधला फरक 0.005 आहे. कोण वर हे त्यावरून ठरत नाही. पण गिब्सनच्या संधी कमी का? कारण त्या लीगचे मोसम लहान होते, बरेच सामने तर नोंदलेच गेले नाहीत, आणि मोठ्या लीगचं दार बंद होतं. जानेवारी 1947 मध्ये 35व्या वर्षी गिब्सन वारला. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला आणि कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचं बंद दार उघडलं. मधे तीन महिनेसुद्धा नीट गेले नव्हते. या अन्यायाची भरपाई कुठल्याही सूत्राने होत नाही.

म्हणून माझं मत विली मेजला. दार उघडल्यावर खेळ जेव्हा जास्त तगडा झाला, तेव्हा तो त्या सगळ्यांत उठून दिसला. 660 होमरन, क्षेत्ररक्षणासाठी 12 गोल्ड ग्लोव्ह, 1956 ते 1959 सलग चार मोसम बेस चोरण्यात (पिचर चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठण्यात) लीगमध्ये पहिला. 1952चा बहुतेक आणि 1953चा संपूर्ण मोसम लष्करी सेवेत गेला, तो वॉरमध्ये शून्य धरला जातो. 1948 साली, अजून शाळेत असताना, तो निग्रो लीगमध्ये बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता. 2024च्या बदलाने त्या मोसमातल्या 10 हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) त्याच्या खात्यात जमा झाल्या आणि एकूण 3283 चे 3293 झाले. तेव्हा तो 93 वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी, 18 जून 2024 रोजी, मेजचं निधन झालं.