स्वभाषेतील ऑनलाइन ज्ञाननिर्मिती

एखादी भाषा बोलणाऱ्या समाजाने आपल्याच भाषेत माहिती लिहून, तपासून, भाषांतरित करून किंवा ध्वनिमुद्रित करून ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करावी, यासाठी होणाऱ्या संघटित प्रयत्नांना ही संज्ञा लावली जाते. मुक्त ज्ञानकोश व शब्दकोश, जुन्या ग्रंथांचे संगणकीकरण, नकाशे आणि आवाजांचे संग्रह ही या कामाची मुख्य क्षेत्रे होत. जगात सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश त्यांपैकी ३०० हून थोड्या अधिक भाषांत उपलब्ध आहे आणि त्यांतील पुष्कळ आवृत्त्यांत नियमित लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत.

भाषकांची संख्या मोठी असली की लेखनही तेवढेच होते, असे दिसत नाही. मुख्यतः स्पेनमध्ये बोलली जाणारी कॅटलान भाषा बोलणारे साधारण १ कोटी लोक असून त्या भाषेच्या विकिपीडियावर ७ लाखांहून अधिक लेख आहेत. बास्क भाषक १० लाखही नाहीत, तरी त्यांच्या आवृत्तीने ४ लाखांचा टप्पा ओलांडला आहे. उलट ५० कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या हिंदीतील लेख २ लाखांच्या आत आहेत. कॅटलान आवृत्ती मार्च २००१ मध्ये, इंग्रजीपाठोपाठ सुरू झाली आणि मराठी व हिंदी आवृत्त्या २००३ मध्ये आल्या. पण दोन वर्षांच्या या अंतराने एवढी तफावत पडत नाही. कॅटलान व बास्क या दोन्ही भाषांना स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत सार्वजनिक जीवनातून हद्दपार व्हावे लागले होते. पुढे त्या शाळेत आणि कारभारात परतल्या, आणि त्या भाषांत गंभीर विषयावर लिहिणे ही तिथल्या सुशिक्षितांची रोजची सवय बनली. ज्या समाजात घरी एक भाषा व महाविद्यालयात दुसरी असते, तिथे विषयाची जाण असलेल्या माणसालाही आपल्या भाषेत त्या विषयाचे वाक्य सुचत नाही. परिभाषेच्या अभावाकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे, पण परिभाषा कोशांत पडून असते. ती वापरणारा हात नसतो.

पहिला अडथळा अर्थातच लिपीचा होता. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतप्रणाली १९९१ मध्ये आली व तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर अनेक वर्षे भारतीय भाषांतील मजकूर निरनिराळ्या फाँटांत बंदिस्त राहिला. एका फाँटात टंकलेले पान तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले, की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा निरर्थक पसारा समोर येई, आणि असा मजकूर शोधयंत्राला सापडणे शक्यच नव्हते. युनिकोड रुळल्यावरही बारीक अडचणी राहिल्याच. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकदा नुक्ता असलेले ‘ऱ’ हे अक्षर घेऊन आणि दुसऱ्यांदा साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधप्रणालीने हा भेद सांभाळला नसेल, तर एका रूपात लिहिलेला लेख दुसऱ्या रूपात शोधणाऱ्याला मिळत नाही. ज्या भाषांची लिपीच नवी आहे त्यांची वाट याहून लांबची. संताली या आदिवासी भाषेसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी तयार केली, युनिकोडमध्ये तिला २००८ मध्ये स्थान मिळाले आणि त्या लिपीतील विकिपीडिया २०१८ मध्ये सुरू झाला.

नव्या भाषेला स्वतंत्र आवृत्ती हवी असेल, तर आधी ‘इनक्युबेटर’ या सामाईक जागेत लेख लिहून दाखवावे लागतात. भाषेला मान्य आंतरराष्ट्रीय संकेत (कोड) असणे, संकेतस्थळावरील बटणे व सूचना त्या भाषेत आणणे आणि काही महिने सलग लिहिणारा छोटा गट टिकणे, या मुख्य अटी आहेत. यांतली शेवटची अट सर्वांत कठीण ठरते.

लोकांना लिहिते करण्याचा रूढ मार्ग म्हणजे कार्यशाळा व संपादन-अभियान. एका दिवसात पन्नास जणांची खाती उघडली जातात, काही लेख तयार होतात, छायाचित्र निघते. महिन्याभराने त्यांतले कितीजण लिहीत आहेत हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. नवखा लेखक बहुधा पहिल्याच आठवड्यात गळतो आणि तो कसा गळतो हे पाहण्यासारखे आहे. ओढ्याकाठी उगवणाऱ्या एखाद्या वनस्पतीबद्दल तो चार ओळी लिहितो: तिचे बोलीतले नाव, ती कधी फुलते, गुरे ती का टाळतात. दुसऱ्या दिवशी त्या ओळी नाहीशा झालेल्या असतात आणि ‘संदर्भ नाही’ एवढेच दोन शब्द मागे उरतात. काढून टाकणाऱ्याचे नियमानुसार काही चुकलेले नसते. पण तोच मजकूर सरावाच्या पानावर हलवून शेजारी एक आपुलकीचे वाक्य लिहिले असते, तर तो माणूस परत आला असता. मराठी विकिपीडियाने अशा सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ आणि चर्चेच्या जागेला ‘चावडी’ ही नावे दिली आहेत. हे शब्द वाचणाऱ्याला ही जागा परकी वाटत नाही आणि यंत्राच्या शब्दांत काढलेल्या सूचनेपेक्षा अशा शब्दांचा उपयोग अधिक होतो.

संदर्भाचा प्रश्न त्याहून खोल आहे. छापील ग्रंथाचा आधार मागणारा नियम ज्या भाषेत ग्रंथ विपुल आहेत तिच्यासाठी रास्त आहे. ज्या समाजाचे ज्ञान मुख्यतः बोलण्यातून पुढे जाते, त्याला तोच नियम दारातच अडवतो. यावर उपाय म्हणून २०११ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेत मल्याळम, हिंदी व सेपेडी या भाषांत एक प्रयोग झाला. खेळ, पाककृती, विधी यांची माहिती जाणत्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करून तीच मुद्रणे संदर्भ म्हणून वापरण्यात आली. पडताळणी कशी करायची, या आक्षेपामुळे ही पद्धत सर्वमान्य झाली नाही.

लेखसंख्येच्या हव्यासाने या क्षेत्राचे नुकसानही झाले आहे. फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या आवृत्तीत ६० लाखांहून अधिक लेख आहेत, पण त्यांतील बहुतेक प्राणी, वनस्पती व ठिकाणे यांच्या कोष्टकांवरून एका स्वयंचलित आज्ञावलीने तयार केलेले आहेत. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या आवृत्तीतील हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने, इंग्रजी वाक्यांतले शब्द तेवढे बदलून लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले. वर्षानुवर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही, यावरून खरे भाषक तिथे किती कमी फिरकत होते ते कळते. ग्रीनलँडिक आवृत्तीत यंत्रभाषांतराचा सदोष मजकूर साचत गेला आणि २०२५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला. यातला धोका वाचकाच्या दिशाभुलीपुरता मर्यादित नाही. भाषिक संगणकप्रणालींना लहान भाषांत शिकण्यासाठी असाच मजकूर हाताशी असतो, त्यामुळे यंत्राची चूक यंत्राच्याच तोंडून पुन्हा बाहेर पडते आणि ती त्या भाषेची नोंद ठरते.

या प्रश्नाची दखल जागतिक पातळीवरही घेतली गेली आहे: युनेस्कोने सायबर अवकाशातील, म्हणजे इंटरनेटवरील, बहुभाषिकतेविषयीची शिफारस २००३ मध्ये स्वीकारली आणि २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे आंतरराष्ट्रीय दशक म्हणून पाळले जात आहे.

आपले ज्ञान खुले करावेच, असे प्रत्येक समाजाला वाटत नाही. मुक्त परवान्याखाली दिलेला मजकूर कोणीही, नफ्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. विधींशी निगडित किंवा ठरावीक लोकांनीच ऐकायचे असे ज्ञान त्या चौकटीत बसत नाही. न्यूझीलंडमधील ‘ते हिकू मीडिया’ या माओरी प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये भाषकांना वाक्ये वाचून आवाज देण्याचे आवाहन केले, तेव्हा दहा दिवसांत वाचलेल्या वाक्यांचे ३०० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण जमा झाले. ही सामग्री संस्थेने मुक्त परवान्याखाली दिली नाही. तिच्यासाठी माओरींच्या ‘काइतियाकितांगा’, म्हणजे राखणदारी, या कल्पनेवर आधारलेला वेगळा परवाना तयार करण्यात आला. त्यानुसार या आवाजांचा वापर माओरी समाजाच्या हिताचा असेल तरच परवानगी मिळते आणि संस्था स्वतःला त्यांची मालक न म्हणवता राखणदार म्हणवते.