मुले रस्त्यावर का आली? नाशिकच्या गल्लीतल्या वादाची पार्श्वभूमी

परीक्षा संपल्या की नाशिकच्या कॉलन्यांमध्ये हा वाद हमखास पेटतो. कोणाच्या गाडीची काच फुटते, कोणाची दुपारची झोप मोडते, वळणावरून येणाऱ्या स्कूटरसमोर चेंडूमागे धावणारे पोर अचानक येते. मग सोसायटीच्या ग्रुपवर ‘रस्ता ही खेळायची जागा नाही’ असा निरोप फिरतो आणि ‘मग त्यांनी जायचे कुठे?’ असे उलट विचारले जाते. तिथून पुढे चर्चा मुलांच्या शिस्तीवर आणि आईवडिलांच्या संस्कारांवर घसरते. या भांडणामागे गेल्या चाळीसएक वर्षांतला जागांचा इतिहास आहे आणि तो सहसा कोणी काढत नाही.

जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाड्यांचे चौक, देवळांची पटांगणे, गंगेचा म्हणजे गोदावरीचा घाट आणि आळ्या या सगळ्यांत मिळून खेळ पसरलेला असे. गोट्या, भोवरे, विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस हे खेळ टांगे आणि सायकलींच्या वेगाशी जुळवून घेत. रस्त्यावर खेळणे हा लहान मुलांपुरता मामलाही नव्हता. रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंगाचे पाणी भरायचे जुने हौद, आजही रस्त्याखालीच आहेत. शनी चौकातली किंवा तिवंधा चौकातली रहाड वर्षातून एकदा उघडते, त्या दिवशी गाड्यांनी वाट बदलायची असते, आणि रहाड पुन्हा बुजवली की त्यावरून रिक्षा धावू लागतात. खेळासाठी रस्ता काही काळ थांबवता येतो, हे या शहराला पेशवाईपासून ठाऊक आहे.

आजचा वाद मात्र नव्या वस्त्यांचा आहे. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून महानगरपालिका झाली. मळे बिनशेती होत गेले, त्यांचे प्लॉट पाडणारे लेआउट पडत गेले. लोकसंख्या १९९१ साली साडेसहा लाखांच्या आसपास होती, ती २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांवर गेली. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या आधाराने सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांच्या सहा योजना भरल्या. त्या लहान घरांना अंगण नव्हतेच. ओट्याखाली पाय ठेवला की रस्ता. तरी सुरुवातीच्या काळात तक्रार फारशी नव्हती, कारण गल्लीत सायकली होत्या, एखाददुसरी लुना किंवा बजाज होती.

त्या गल्लीतले क्रिकेट ज्यांनी खेळले आहे त्यांना त्याचे नियम तोंडपाठ असतील. कंपाउंडच्या भिंतीवर कोळशाने ओढलेले तीन स्टंप. एक टप्पा, एक हात, आउट. चेंडू बंगल्यात गेला की आउट, आणि आणायलाही त्यानेच जायचे. कोपऱ्यावरचा फिल्डर ‘गाडी!’ ओरडला की खेळ जागच्या जागी थांबे आणि गाडी गेली की त्याच चेंडूपासून पुढे सुरू होई. वाहन आणि खेळ यांच्यातला हा करार कोणी लिहून दिलेला नव्हता, पण तो पाळला जात होता. गाड्या इतक्या वाढल्या की एका षटकात चारदा थांबावे लागते, तेव्हा तो मोडला.

इथे एका नियमाकडे नीट पाहावे लागते, कारण या सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के खुली जागा सोडावी लागते. २०२० साली मुंबई वगळता जवळपास राज्यभर आलेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीतही हेच प्रमाण आहे. ऐकायला सोय झाल्यासारखी वाटते. पण चार हजार चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर. जमीन त्याहून थोडी कमी असली की दहा टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही. एकरापेक्षा लहान तुकड्यांवर शेजारी शेजारी इमारती उभ्या राहिल्या, तर अख्खी गल्ली वसते आणि तिच्यात पोरांसाठी एक चौरस मीटरही सुटत नाही. आणि जिथे नियम लागू होतो तिथे काय मिळते? एक एकराला चारशे चौरस मीटर, म्हणजे वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. क्रिकेटची नुसती खेळपट्टी २०.१२ मीटर असते. नियम तंतोतंत पाळूनही त्या जागेत एक खेळपट्टी सरळ बसत नाही.

शिवाय ही जागा लेआउटमध्ये कुठे सोडली जाते, हे गंगापूर रोड ते पाथर्डी फाटा कुठेही फिरून पाहावे. ती बहुधा कोपऱ्यात असते, नाल्याच्या कडेला असते, किंवा आकाराने इतकी तिरकी असते की तिथे प्लॉट निघालाच नसता. विकण्याजोगी जमीन विकली जाते आणि उरते ती खुली जागा होते.

पुढचा गुंता मालकीचा आणि वापराचा. प्लॉट विकले जातात, सोसायटी कधी होते कधी होत नाही, आणि खुल्या जागेच्या सातबाऱ्यावर कित्येकदा मूळ मालकाचेच नाव राहते. ज्याचे नाव आहे तो तिथे राहत नाही, जे राहतात त्यांचे नाव नाही, आणि देखभाल करायची तर महापालिका ताबा विचारते. नियमात ही जागा ‘मनोरंजनासाठी’ आहे. ‘मुलांसाठी’ असे त्यात म्हटलेले नाही. त्यामुळे तिच्यावर प्रत्येकाचा हक्क सांगता येतो आणि प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेण्यासारखेही असते. ज्येष्ठ नागरिकांना विरंगुळा केंद्र हवे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका हवी, महिला मंडळाला सभागृह हवे, भाविकांना मंदिर हवे. नियमावली अशा जागेच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधकामाला वाव देते. कागदावर हे थोडेच आहे. प्रत्यक्षात सभागृहाला कुंपण येते, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि उरलेल्या ८५ टक्क्यांवर मांडवाचे सामान.

यातला सर्वांत तापलेला भाग धार्मिक बांधकामांचा. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश दिला. राज्याने २०११ मध्ये धोरण आखले, आणि नाशिकमध्ये २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडकामाची मोहीम निघाली. विरोध मोठा होता. रहिवाशांनी वर्गणी काढून बांधलेले मंदिर कॉलनीच्या खुल्या जागेत आहे, त्याने रस्ता अडत नाही, मग ते अतिक्रमण कसे, असा सवाल होता, आणि तो विचारणाऱ्यांची भावना खरी होती. पण सगळी चर्चा श्रद्धा विरुद्ध अतिक्रमण अशी चालली. त्याच जागेवर संध्याकाळी कोण खेळायचे, याची नोंद त्या वादात मला कुठे दिसली नाही, आणि हे मला आजही खटकते.

त्याच सुमारास उद्यानांना नवे रूप आले. जॉगिंग ट्रॅक झाले, ग्रीन जिम बसल्या, हिरवळ आखली गेली. चालणाऱ्यांची सोय झाली आणि ती आवश्यक होती. पण मधल्या हिरवळीवर ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ असा फलक लागला. पाच वर्षांच्या मुलाला घसरगुंडी मिळाली. बारा वर्षांच्या मुलीला सायकल शिकायला किंवा चौदा वर्षांच्या मुलाला गोलंदाजी करायला उद्यानात जागा नाही. ती दोघे जातात ती थेट रस्त्यावर.

विकास आराखड्यातली मोठी मैदाने हा वेगळा अध्याय आहे, तो थोडक्यात सांगतो. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, आराखड्यात मैदानासारख्या कामासाठी आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण क्रीडांगणाचे आरक्षण गेले की ते जवळपास पुन्हा कुठे उगवत नाही. २०१७ ला मंजूर झालेला आराखडा येईपर्यंत नव्या वस्त्या बऱ्याचशा भरून गेल्या होत्या. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान शहराच्या मधोमध आहे, तिथे रणजीचे सामने झाले आहेत. आडगावच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याचा रोज संध्याकाळी काय उपयोग?

आता रस्त्याकडे. नाशिकमध्ये रस्ते येतात सिंहस्थाबरोबर. २००३ आणि २०१५ च्या कुंभमेळ्यांनी शहराला रिंग रोड आणि रुंद रस्ते दिले, आणि २०२७ साठी पुन्हा कामे निघाली आहेत. मोठ्या रस्त्यावर कोंडी झाली की कॉलनीतली गल्ली शॉर्टकट होते. त्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये न मावणाऱ्या गाड्या रात्रंदिवस गल्लीच्या दोन्ही कडांना उभ्या. नऊ मीटर रस्त्यापैकी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर उभ्या गाड्यांखाली गेले, तर मधे पाच उरतात, आणि वाद असतो तो या पाच मीटरचा. सार्वजनिक रस्त्यावर चोवीस तास खासगी गाडी उभी करणे कोणाला खटकत नाही. तासभर चेंडू खेळणे खटकते. या तक्रारींकडे बघताना माझे मन मुलांच्या बाजूने झुकते ते इथे.

कायदा काय म्हणतो? सार्वजनिक मार्गात अडथळा हा १८६० च्या दंडसंहितेत कलम २८३ खाली गुन्हा होता आणि दंड होता दोनशे रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत गेला. दोन्हीकडे खेळाचा किंवा मुलांचा उल्लेख नाही, आणि सात वर्षांखालील मुलाचे कोणतेच कृत्य गुन्हा ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, मुलांच्या खेळाचा हक्क मान्य करणारा १९८९ चा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचे कलम ३१ खेळाविषयीच आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेला मैदान हवे असे सांगितले. शाळा सुटल्यावर त्याच मैदानाचे फाटक वस्तीतल्या मुलांसाठी उघडे राहावे, असे मात्र त्यात नाही.

रस्ता ठरावीक वेळ वाहनांना बंद करण्याची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहनांवर निर्बंध घालता येतात. मिरवणुका, पर्वणीचे स्नान, मॅरेथॉन यांच्या अधिसूचना अशाच निघतात. इंग्लंडने १९३८ मध्ये खेळासाठी रस्ते बंद करण्याचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे गुरुग्रामने २०१३ मध्ये आणि मुंबईने २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते लोकांना खुले केले. ते सारे मोठे रस्ते होते आणि आठवड्यातून एकदाच. कॉलनीतल्या गल्लीला त्याहून कमी पुरते: पुढे वाट नसलेली गल्ली, संध्याकाळी पाच ते सात, तिच्या तोंडाशी हलवता येणारे बॅरिकेड, रहिवाशांच्या गाड्यांना चालण्याच्या वेगाने वाट आणि रुग्णवाहिकेला अडवणूक नाही. यासाठी वाहतूक शाखेची परवानगी आणि प्रभाग समितीचा ठराव लागेल. तो अर्ज कॉलनीतल्या मोठ्या माणसांनीच करायचा आहे, कारण मुलांना मत नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर ती नाहीत.