कानात किडा गेलाय? थेंब मागण्याआधी हे वाचा

(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी, सिंधुदुर्ग)

"कानात काहीतरी गेलंय, टाकायला थेंब द्या," असं सांगत बरेच जण काउंटरवर येतात. आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो. आत काय गेलं असावं? आणि हा कान पूर्वी कधी वाहिला होता का? कान दुखत असताना असली चौकशी नको वाटते, हे आम्हाला कळतं. पण झुरळावर चालतो तो उपाय गोचिडीवर चालत नाही, आणि वाहिलेल्या कानाच्या पडद्याला भोक असू शकतं; तसं असेल तर त्या कानात घरच्या घरी काहीच टाकायचं नसतं.

झुरळ, मुंगी, घोण

रात्री झोपेत कानात शिरणाऱ्यांत झुरळाचा नंबर वरचा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, तिच्या टोकाला पडदा. झुरळाला आत वळता येत नाही, मग त्याचे काटेरी पाय पडद्यावर घासत राहतात आणि माणूस रडकुंडीला येतो. टॉर्च मारून ते बाहेर येत नाही. झुरळ उजेडापासून पळतं, म्हणजे आणखी आत जातं.

कान कधी वाहिलेला नसेल, कानाचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि रक्त किंवा पू येत नसेल, तरच कोमट खोबरेलाचे चार-पाच थेंब टाका. आधी मनगटावर टाकून तेल गरम नाही ना ते बघा. किडा गुदमरून मेला की वळवळ थांबते. पुढचं काम कानाच्या डॉक्टरांचं. हेअरपिन, काडी, बड यांनी किडा निघत नाही, पडदा मात्र फाटतो. आणि पोराने कानात चणा-वाटाणा घातला असल्याची शंका असली, तर पाणी अजिबात नको. तो आत फुगून बसतो.

घोण कानातून मेंदूत जाते असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. वाटेत पडदा आहे, ती मेंदूत जात नाही. पण चावते, म्हणून तिच्याशी घरी खटपट न करता सरळ दवाखाना गाठा.

गोचीड

गुरांत वावरणारे, कुत्रा पाळणारे, काजूच्या बागेत पाचोळ्यात काम करणारे यांनी हे नीट वाचा. गोचीड आत नुसती फिरत नाही, तोंड कातडीत रुतवून रक्त पीत बसते. कान ठणकतो, आत खुडबुड होते. क्वचित त्याच बाजूचा चेहरा वाकडा होतो. ओढून काढायला गेलात तर तोंडाचा तुकडा आत राहतो. डॉक्टर कान बधिर करून, दुर्बिणीखाली चिमट्याने ती अख्खी काढतात.

आपल्याकडे आणखी एक काळजी आहे. माकडताप मुख्यतः गोचिडीतून पसरतो. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात, पुढे बांदा भागातही आढळला. तेव्हा गोचीड चावल्यानंतरच्या दिवसांत जोराचा ताप आला, तर तापाची गोळी मागण्याआधी सरकारी दवाखान्यात जा आणि गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा.

वाहणारा कान आणि अळ्या

हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. लोक बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाच्या वासावर माशी येते. दुपारी अंगणात झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या, अंथरुणाला खिळलेल्याच्या किंवा लहान मुलाच्या कानाशी ती अंडी घालून जाते. एका जातीची माशी तर एका वेळी दीडशेच्या वर अंडी घालते. दिवसभरात त्यातून अळ्या निघतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. जनावराच्या जखमेत आसडी पडते, तोच हा प्रकार. कानातून रक्ताळ पाणी, घाण वास, आत काहीतरी सरपटल्यासारखं वाटणं आणि झोप लागू न देणारं दुखणं, ही त्याची खूण. पाच-सात दिवसांत अळ्या आपोआप गळून पडतात म्हणून काही जण वाट बघतात. तेवढ्या दिवसांत पडदा आणि आतली हाडं कुरतडली जाऊ शकतात.

गुरांसाठी नेलेलं टर्पेंटाइन किंवा जखमेवर मारायचा स्प्रे माणसाच्या कानात टाकू नका. माणसाच्या कानासाठी म्हणून कोणी टर्पेंटाइन मागितलं तर आम्ही देत नाही. राग आला तरी चालेल. दवाखान्यात काही औषधं वापरून अळ्या बाहेर काढतात, पण पडदा बघून आणि दुर्बिणीखाली. अळ्यांवर आयव्हरमेक्टिनची गोळी कधी देतात, पण द्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात. एकदा साफ करून भागत नाही, आत एखादी राहिली का ते पुन्हा तपासावं लागतं. आणि मूळ भोक तसंच राहिलं तर माशी पुन्हा येणारच, म्हणून पडद्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या. तोवर कान कोरडा ठेवा, आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस घाला आणि दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

थेंब न्यायला येताना चिठ्ठी आणा. घरात जुनी उघडलेली बाटली असेल तर तीही दाखवा. उघडून महिना झालेले थेंब सहसा टाकून द्यायचे असतात, आणि पडदा फाटलेल्या कानाला त्यातले काही मुळातच चालत नाहीत.